मीठ कमी

भिंतीपलीकडचं झाड मिस्टर पॅसकॉलचं,
फांदी आमच्या पत्र्यावर.
रात्री आंबा पडला की धाड आवाज होतो,
कुत्रं उठतं, मी उठते,
आणि पलीकडे त्यांच्या खोलीत दिवा लागतो.
मोजतात ते.
माझी खात्री आहे, मोजतात.

मार्चमध्ये वकिलाची चिठ्ठी पाठवली होती त्यांनी.
फांदी कुठेही जावो, फळं मुळाच्या मालकाची,
असं काहीसं.
ती मी चार घड्या करून
टेबलाच्या लंगड्या पायाखाली सारली.
टेबल आता डुलत नाही.

रविवार, दुपारचे तीन.
रिओ क्लारोत वारा नाही, नळाला पाणी नाही,
रेडिओवर क्रिकेट, तेही आपण हरत असलेलं.
जेवॉन आला शर्टाचा ओचा धरून,
ओच्यात पाच स्टार्च आंबे.
'पडले होते,' म्हणाला.
देठातून चीक अजून गळत होता.
मी काही विचारलं नाही.

आंबे मात्र बरोब्बर.
कैरी म्हणावी तर बाठीभोवती पिवळं धरलेलं,
आंबा म्हणावा तर दात आंबवणारं.
पाडाला लागायच्या आदल्या दिवशीचे.
चाऊला हाच एक दिवस चालतो.

साल ठेवायची.
माझी बहीण रोझाना साल काढते,
तिची लग्नंही टिकली नाहीत.

लसूण चार पाकळ्या, दगडाने ठेचून.
स्कॉच बॉनेट एक.
चुरगळलेल्या बाहुलीच्या टोपीसारखी, लाल, गरीब दिसते.
तिला चिरून झाल्यावर मी एकदा डोळा चोळला होता.
ती गोष्ट इथे नको.

शाडो बेनी मी विकत आणत नाही.
मागच्या गटाराकाठी आपसूक उगवते,
करवती पानांची,
कोथिंबिरीची आडदांड चुलतबहीण,
बोट लागलं तरी रात्रीपर्यंत वास सोडत नाही.
भिंतीखालून ती पलीकडेही जायला बघते,
पण तिकडे सिमेंट.
ओडेट गेली, त्याच महिन्यात
मिस्टर पॅसकॉलने सगळं परसू सिमेंट करून घेतलं.

लिंबं पिळली. मीठ चिमटीने, अंदाजाने.
आइसक्रीमच्या रिकाम्या डब्यात सगळं, वर झाकण,
आणि जेवॉनने डबा असा हलवला
की आमची आणखी एक विकेट गेली ती ऐकूच आली नाही.
'अर्धा तास मुरू दे,' म्हटलं.
या घरात अर्धा तास कोणी पाहिलेला नाही.

पहिली फोड.
आधी आंबट, मग काहीच नाही,
मग कानशिलं.
जेवॉन सू सू करत अंगणभर नाचला,
परत आला, परत घेतली.

तेवढ्यात पलीकडून खोकला.
ठेचलेल्या लसणीला वकिलाची चिठ्ठी वाचता येत नाही,
वास फांदीपेक्षा लांब जातो.
झोंबल्या असतील नाकाला मिरच्या, मी म्हटलं,
या वेळी खरोखरीच्या.

मग काय वाटलं कोण जाणे.
एक वाटी भरली,
वरून डब्याच्या तळाचा रस,
जो मी कोणालाच देत नाही.
स्टुलावर चढून भिंतीवर ठेवली.
टूथपिक दोन टोचल्या होत्या, सवयीने.
एक काढून घेतली.

अंधारताना वाटी परत भिंतीवर,
धुतलेली, पुसलेलीसुद्धा,
आत कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर
तीस वर्षं पोस्टात काढलेल्या माणसाचं सरळ अक्षर:
'मिस बूडू,
मीठ कमी.
ओडेट जास्त घालायची.'

रात्री पत्र्यावर धाड.
कुत्रं उठलं, मी उठले,
पलीकडे दिवा लागेपर्यंत थांबले,
आणि खिडकीतून मोठ्याने सांगितलं,
'एक.'